ओटीतले दगड

मांड्यांपर्यंत रुतले होते आणि अजून खाली चालले होते. चिखल करडा, बर्फासारखा गार आणि मळलेल्या कणकेसारखा चिवट. पाय उचलायला गेलं की बूट हलायचा नाही आणि पाय बुटातून निघायचा नाही. मागून तळ्याची लाट यायची, कमरेवर आपटायची आणि परत जाताना माझ्या भोवतीचा चिखल आणखी पातळ करून जायची. पोटावर ओटीत दगड होते. पदर कमरेभोवती आणून मागे गाठ मारलेली, तिच्यावर मुलाचं जाड जाकीट, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. पुढे वाकलं की दगड तोंडघशी पाडायला बघायचे. सरळ राहिलं की त्यांच्या वजनानं मी खाली जायची.

जरा पलीकडे कोरड्या खडकावर विहीणबाई उभ्या होत्या. माझ्या सुनेच्या आई. पुण्याच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या.

“हलू नका,” त्या म्हणाल्या.

“हलत नाही. नुसती चाललेय खाली.”

“कोणाला तरी हाक मारते.”

त्यांनी हाक मारली. आधी “अहो, कोणी आहे का”, मग “हेल्प”. वर दरडीवरची घरं बंद होती, उन्हाळ्याची माणसं अजून यायची होती. आमची पोरं गाडी घेऊन ग्रोसरीला गेली होती.

“पानी चढतंय,” मी म्हणाले.

“पाणी,” त्या म्हणाल्या.

सवयीनं तोंडातून गेलं. दोघींपैकी कोणी हसलं नाही.

हे कुठून सुरू झालं ते आता सांगते.

मी चौथी शिकले. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यापुढे शाळा नव्हती आणि असती तरी मला कोणी पाठवलं नसतं. दगड मला नवे नव्हते. बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर मी खडी फोडली आहे. आमच्याकडचा दगड काळा. घाव घातला की आत बाहेरच्यासारखाच काळा. कधीमधी एखाद्याच्या पोटात पोकळी निघायची, तिच्यात पांढरे स्फटिक, सुयांसारखे. मुकादम म्हणायचा, टाका बाजूला, त्याची खडी होत नाही. आम्ही टाकायचो. लहान पोरं खेळायला न्यायची.

नवरा गेल्यावर मुलानं मला कॅनडात, किचनरला आणलं. त्याची कॉम्प्युटरमधली नोकरी, सून पण नोकरीला, नात शाळेत. दिवसभर घरात मी एकटी. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, फोनवर फक्त बोलता यायचं तेव्हाची. टीव्हीवरचं मला कळत नव्हतं आणि रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं.

एकदा मुलानं ड्राइव्हवेच्या कडेला टाकायला खडी मागवली. ट्रक आला, मागचा भाग उचलला आणि अंगणात ढीग पडला. मी बाहेर जाऊन बघितलं. करडी, मऊ, फिकी खडी. यंत्रानं फोडलेली, सगळी एका मापाची. मुकादम अशीच मापाची खडी मागायचा आणि आमच्या हातून ती कधी झाली नाही, हे आठवून जरा रागच आला. मग मी तिथंच पाटावर बसून ती चाळवायला लागले. दुसरं काम नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या मुठीत मणी निघाला. दगडातच होता, अर्धा बाहेर आलेला. गोल, मधोमध भोक, कडेला बारीक रेघा. गळ्यातल्या पोतीतला मणी असतो तसाच. आधी वाटलं, कोणाचा तरी पडला असेल. नखानं काढायला गेले तर निघेना. तो दगडाचाच होता. मग आणखी एक सापडला, मग एकावर एक रचलेल्या चार-पाचांची कांडी.

संध्याकाळी मुलाला दाखवला. तो म्हणाला, “आई, खडी आहे.”

सून म्हणाली, “अहो आई, हात धुवून घ्या, मग जेवायला बसू.”

नातीनं मात्र हातात घेतला. बारा वर्षांची होती. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरातला रिवाज. म्हणाली, “आजी, दॅट्स अ फॉसिल.”

“म्हणजे काय?”

तिला सांगता येईना. मुलगा म्हणाला, “जीवाश्म. जुना प्राणी. दगड झालेला.”

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या ओळखीचा होता तो जीवखडा. माणूस गेला की स्मशानातला एक खडा दहा दिवस सांभाळतात, गेलेल्याचा जीव त्यात आहे असं धरतात. नवऱ्याचा खडा पोरानं दहाव्याला नदीत सोडला होता. तो साधा खडा होता, रस्त्यावर पडलेला असता तर कोणी बघितला नसता. आणि इथं ट्रकभर खडीत खरोखरचे जीव पडले होते आणि माणसं त्यांच्यावर गाड्या उभ्या करत होती. ते कोणाचे, हे मला कळून घ्यायचं होतं.

नातीनं शाळेच्या लायब्ररीतून चित्रांचं पुस्तक आणलं. मी चित्रं बघायची, ती वाचायची, मुलगा मधूनमधून मराठी करायचा. हा मणी म्हणजे समुद्रातल्या एका प्राण्याचा देठ. फुलासारखा दिसायचा तो, तळाला चिकटून राहायचा. मी विचारलं, इथं समुद्र कुठला? तर म्हणे पूर्वी इथं समुद्र होता. उथळ, कोमट पाण्याचा.

“कोमट? इथं?” मी म्हणाले. मुलगा नुकताच बाहेरून ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आला होता आणि त्याच्या भुवयांवर बर्फ होता.

“येस, आजी. वॉर्म.”

विश्वास बसायला मला बरेच दिवस लागले. पण दगड समोर होता.

त्यानंतर मी खाली बघून चालायला लागले. शेतात पीक काढून झालं की राहिलेली कणसं वेचायला बाया जातात, त्याला आम्ही सरवा म्हणतो. सरवा वेचणारी बाई कधी वर बघत नाही. पदराची ओटी करून कमरेला बांधायची आणि दोन्ही हात मोकळे. मी पाचवारी नेसायची, आत उबदार विजार, वर जाकीट, पायांत मुलाचे रबरी बूट. नदीकाठी जायची, बांधकामाच्या ढिगाशी जायची. दगड थुंकी लावून बघायची. कोरड्या दगडावर काही दिसत नाही, ओला झाला की आतली नक्षी वर येते. सुनेनं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. पिशवी दिली तिनं मला, चांगली, खांद्याला लावायची. मी ती भाजीला वापरली. पिशवीत एक हात अडकतो.

मुलानं त्या उन्हाळ्यात एकदा ईरी तळ्यावर नेलं. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. काठाला सपाट खडक पायऱ्यांसारखे पाण्यात उतरलेले आणि मागे मातीची उंच दरड. तिथं मला शिंगं मिळाली. वासराला नुकती फुटतात तशी, बोटाएवढी, टोकाला वाकडी. आणि एक मुठीएवढं पोळं मिळालं. मधाचं पोळं असतं तसं, सहा कोनांची घरं एकाला एक लागून. पुस्तकात बघितलं तर शिंग आणि पोळं दोन्ही प्रवाळच निघाले. पोवळं म्हणून अंगठीत घालतात, त्यांच्याच जातीतले. पोवळं लाल असतं म्हणून मला ते फळाच्या बीसारखं काहीतरी वाटायचं. तेही एक घर आहे आणि आत कोणी राहायचं, हे साठी उलटल्यावर कळलं.

दगड मी बेसमेंटमध्ये कपडे वाळवायच्या यंत्रावर मांडून ठेवायची. यंत्र चालू झालं की ते थरथरायचे.

पुढच्या वसंतात विहीणबाई सहा महिन्यांसाठी आल्या. यजमानांना थंडी सोसत नाही म्हणून ते पुण्यातच राहिले. आता घरात दोन आया झाल्या. सून मला “अहो आई” म्हणायची आणि त्यांना “अगं आई”. घाईत ती पहिला शब्द गाळायची आणि आम्ही दोघी उठायचो, नाहीतर दोघी बसून राहायचो.

विहीणबाई माझी भाषा सुधारायच्या. मी पानी म्हटलं की त्या पाणी म्हणायच्या. वाईट बोलायच्या नाहीत, फक्त शब्द दुरुस्त करून परत द्यायच्या, वही तपासल्यासारखं. मी पण सोडायची नाही. त्या सकाळी गुडघ्यांचे व्यायाम करायच्या तेव्हा मी म्हणायची, “विहीणबाई, नवीन गुडघ्यांना गॅरंटी किती दिवसांची दिलीय?”

“तुमच्या जुन्यांपेक्षा जास्त,” त्या म्हणायच्या.

चैत्रात सुनेनं हळदीकुंकू केलं. गावातल्या मराठी बायका आल्या, ओल्या बुटांचा दारात ढीग झाला. मला कोणी काही म्हटलं नाही. मी आपणहून बेसमेंटमध्ये गेले. नवरा नसलेल्या बाईला कोणी कुंकू लावत नाही आणि तिची ओटी भरत नाहीत, मग वर बसून सगळ्यांची अडचण कशाला करायची. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दगड होते.

विहीणबाई कैरीची डाळ आणि पन्हं घेऊन खाली आल्या.

“वर या ना. गाणी चाललीत.”

“कुंकू आटोपलं की येते.”

“इथं आता तसं कोणी मानत नाही.”

“तुम्ही मानता का?”

त्या ताटली यंत्रावर ठेवायला गेल्या आणि त्यांना पोळं दिसलं. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

“हे काय? मधाचं पोळं? दगडाचं कोणी केलं?”

“कोणी केलं नाही. सापडलं.”

मी बोटाला थुंकी लावून एका कोपऱ्यावर फिरवली. घरं वर आली. विहीणबाईंनी नाक मुरडलं, मग पन्ह्याच्या पेल्याला बाहेरून आलेलं पाणी बोटावर घेतलं आणि दुसऱ्या कोपऱ्याला लावलं. तिथली घरं पण वर आली. मग तिसऱ्या.

“प्रत्येक घर सहा कोनांचं आहे,” त्या म्हणाल्या.

“नाही. नीट बघा. मधेच पाचांची आहेत.”

त्यांनी बघितलं. होती. मग त्यांनी शिंगं बघितली, मणी बघितले, आणि एका चापट, पंख पसरल्यासारख्या शिंपल्यावर थांबल्या. पोटाशी फुगीर, कडेला मुरड घातल्यासारख्या रेघा.

“ही तर करंजी.”

“दात पडतील.”

वरून सून हाका मारत होती, “अगं आई, ओटी कोण भरणार? बायका खोळंबल्यात.” विहीणबाई गेल्या तेव्हा त्यांच्या बोटांना दगडाची धूळ होती. त्याच हातांनी त्यांनी सगळ्यांच्या ओटीत भिजवलेले हरभरे घातले असणार.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर यायला लागल्या. त्या वाकत नसत. गुडघे. हातातल्या काठीनं दाखवायच्या आणि मी उचलायची. थुंकी त्यांनी शेवटपर्यंत वापरली नाही, थर्मासमधून पाणी न्यायच्या. मला त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी विसरले नाही. आपल्याकडचा काळा दगड आगीतून आला, जमिनीतून उकळून वर आला आणि थंड झाला. इथला दगड पाण्यात, गाळ बसून बसून झाला. आगीत काय जगणार? म्हणून आपल्या खडीत कोणी सापडत नाही. मी विचारलं, हे तुम्ही शाळेत शिकवायच्या? म्हणाल्या, दरवर्षी, आणि दरवर्षी फळ्यावरच. हातात घेऊन कधी बघितला नव्हता. त्या काही मला लाजून बोलल्या नाहीत. जसं होतं तसं सांगितलं.

मग आला मे महिन्यातला लाँग वीकेंड. मुलानं ईरीच्या काठावर एक कॉटेज भाड्यानं घेतलं. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी पोरं आणि नात ग्रोसरीला निघाली. सून गाडीतून म्हणाली, “आई, लांब जायचं नाही.” कोणती आई ते तिनं सांगितलं नाही.

आम्ही दरडीच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. पावसानं खडक धुतले होते आणि बघेल तिथं काहीतरी होतं. अर्ध्या तासात माझी ओटी भरली. विहीणबाई काठीनं दाखवत होत्या, “ते घ्या. ते नको, तसं आहे आपल्याकडे. ते घ्या.” वजनानं माझा पदर ताणला, म्हणून मी गाठ सोडून परत घट्ट मारली, दोनदा पीळ देऊन, आणि वर जाकीट लावलं.

पुढे दरडीचा एक भाग रात्रीच्या पावसानं घसरून काठापर्यंत आला होता. वरून वाळलेला दिसत होता, उन्हात भेगा पडलेल्या. त्याच्या मधोमध पोळं होतं. घरातल्यासारखं मुठीएवढं नाही, चांगलं पाटीएवढं. दरडीतून निघून वर आलेलं, सगळी घरं उघडी.

“थांबा,” विहीणबाई म्हणाल्या. “ती माती कच्ची आहे.”

“वाळलीय.”

दोन पावलं वाळली होती. तिसऱ्याला मी गेले.

तर तिथं मी होते. वारा तळ्यावरून सुटला होता, आणि वारा सुटला की ते तळं एका काठाला चढतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कमरेखाली मला काही कळत नव्हतं. भीती वाटली का, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. वाटली. पण त्याहून जास्त मला आठवत होती गावच्या तळ्यात रुतलेली एक म्हैस. तिला दोर बांधून ओढली होती. म्हैस निघाली, पाय मोडला, आणि ती उपयोगाची राहिली नाही.

विहीणबाई काठी पुढे करत होत्या. “धरा. ओढते.”

“ओढू नका. तुम्ही पण याल. तुमचे गुडघे लोखंडी आहेत, सरळ तळाला जातील.”

त्यांनी काठी मागे घेतली. इकडेतिकडे बघितलं. कोणाच्या तरी मोडलेल्या धक्क्याची एक लांब फळी लाटेनं खडकावर आणून टाकली होती. ती त्यांनी ओढत आणली. ज्या बाईला मी सहा आठवड्यांत जमिनीवरचा चमचा उचलताना बघितलं नव्हतं, ती बाई फळी चिखलावर ढकलून तिच्यावर पालथी पडली. पंजाबी ड्रेस, पांढरा, इस्त्रीचा. सरपटत माझ्यापर्यंत आल्या. तोंड माझ्या पोटाशी.

“चेन काढा.”

माझी बोटं वळत नव्हती. त्यांनी काढली. जाकीट उघडलं आणि दगडांनी फुगलेली ओटी पुढे आली.

“अहो, एवढे?” त्या म्हणाल्या.

“तुम्हीच दाखवलेत.”

“गाठ कुठंय?”

“मागं.”

त्यांनी दोन्ही हात माझ्या कमरेमागे घातले. लाट आली, आम्हा दोघींच्या तोंडावर पाणी उडालं. त्या नखांनी गाठ चाचपत होत्या. ओली गाठ, दोन पिळांची, दगडांनी ओढून घट्ट केलेली.

“निघत नाही. ओटी फाडू का?”

“लुगडं नवं आहे.”

“विहीणबाई,” त्या दटावून म्हणाल्या.

“आणि तुम्हीच म्हणता ना, भरली ओटी अशी जमिनीवर सोडू नये.”

“ती सवाष्णीची,” त्या म्हणाल्या. “पोट आत घ्या.”

हे त्यांनी त्या वेळी बोलायला नको होतं असं नंतर त्यांना वाटत राहिलं. मला नाही वाटलं. खरंच होतं ते, आणि मी पोट आत घेतलं.

त्या मला वळसा घालून माझ्या कुशीशी आल्या, फळी तिरकी झाली, त्यांचा एक हात कोपरापर्यंत चिखलात गेला. मग त्यांनी दातांनी गाठ धरली. ओल्या, चिखलानं भरलेल्या गाठीला तोंड लावलं त्या बाईनं, जी माझ्या थुंकीला नाक मुरडायची. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. शिव्या नसाव्यात, पण मला खात्री नाही. एकदम पदर सैल झाला आणि सगळे दगड माझ्या पुढ्यात पडले. शिंगं, करंज्या, मण्यांच्या कांड्या. चिखलात गेले. एवढ्या आवाजात सुद्धा मला ते पडताना ऐकू आले.

अंग हलकं झालं. मी पुढे वाकून फळीवर छाती टाकली.

“आता बूट सोडा,” त्या म्हणाल्या. “पाय बुटातून काढा. ओढायचा नाही, हलवायचा. आधी उजवा.”

मी हलवला.

“तो डावा आहे.”

“मला कळत नाही कोणता कोणता ते.”

“मग जो हलतो तो.”

पाय सोडवायला फार वेळ गेला. किती, ते मला सांगता येणार नाही. त्या माझ्या बगलेत हात घालून होत्या आणि मोजत होत्या, शाळेत कवायतीला मोजतात तसं, एक दोन, एक दोन. पहिला पाय निघाला तेव्हा तो माझा वाटेना. दुसरा त्याच्या मागोमाग आला. दोघी पोटावर सरपटत खडकावर आलो आणि तिथंच पडून राहिलो. विहीणबाईंना उठता येईना. मला बसता येईना. त्यांच्या दातात लुगड्याचा निळा धागा अडकला होता.

पोरं आली तेव्हा आम्ही दरडीच्या पायऱ्या बसून बसून, एकेक वर सरकत होतो. मुलगा धावत आला.

“आई, नाइन वन वनला फोन का नाही केला?”

“कशानं? दगडानं?”

सून आधी रडली, मग रागावली. “अगं आई, तुझे गुडघे. अहो आई, तुम्हाला कळत नाही का. दोघींना एकत्र सोडायलाच नको.” डॉक्टरकडे नेलं. मला ऊब दिली, सलाइन लावलं. विहीणबाईंचा एक गुडघा सुजला, पण जागेवर होता. डॉक्टरनं आम्ही तिथं काय करत होतो ते विचारलं. नातीनं सांगितलं, “दे वर कलेक्टिंग फॉसिल्स.” मग त्यानं तिला विचारलं, कोणते. आणि नात सांगत बसली.

जूनमध्ये मुलगा एकटा तिथं जाऊन आला. चिखल वाळून दगडासारखा झाला होता आणि लाटांनी त्याचा बराचसा भाग नेला होता. माझे बूट त्याला मिळाले नाहीत. ते मोठं पोळं खडकावर येऊन पडलं होतं. त्यातला एक तुकडा फुटून सुटा झाला होता, तेवढा त्यानं आणला.

तुकडा त्यानं डायनिंग टेबलावर ठेवला. मी चहा करत होते. विहीणबाईंनी तो नळाखाली धुतला, टॉवेलनं पुसला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“पदर पुढे करा,” त्या म्हणाल्या.

सून फ्रीजशी उभी होती.

“विहीणबाई, मी कोण आहे ते विसरलात का?”

“नाही विसरले. पदर करा. नारळ नाही, हे आहे.”

मी गॅस बारीक केला आणि पदर पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी तो तुकडा माझ्या ओटीत घातला, नेमानं घालतात तसा. कुंकवाला हात लावला नाही, त्यांनी पण नाही आणि मी पण नाही. ओटी खाली ओढली गेली.

“जड आहे,” मी म्हणाले. “हातात द्यायचा.”

“गाठ मारू नका म्हणजे झालं.”

सप्टेंबरात त्या पुण्याला गेल्या. जाताना बॅगेत करंजी आणि दोन शिंगं नेली, मोज्यात गुंडाळून. त्यांनी शेजाऱ्यांना दाखवली, तर शेजारी म्हणाले, कॅनडाहून दगड आणलेत? दर रविवारी फोन यायचा. पोरांशी बोलून झालं की मला मागायच्या. नवीन काय सापडलं, सहा कोनांचं की पाचांचं, ओलं करून बघितलं का. मी म्हणायची, केलं, थुंकीनं. त्या म्हणायच्या, शी. दरडीखाली मी परत गेले. घसरलेल्या मातीवर पाय ठेवत नाही, एवढाच फरक. आणि ओटीला आता एकच पीळ देते.

त्या दिवशी त्या चिखलातून दोघी जिवंत निघालो. एक सवाष्ण, एक विधवा.